पिस्तुलावरचं एक अक्षर

लीड्सला आले तेव्हा माझ्याकडे गणितातली एम.एस्सी. होती, काम करायची परवानगी देणारा डिपेंडंट व्हिसा होता, आणि करायला काहीच नव्हतं. नवरा हॉस्पिटलमध्ये रजिस्ट्रार, म्हणजे मधल्या पायरीवरचा डॉक्टर, होता. त्याच्या ड्यूट्यांचा तक्ता, म्हणजे रोटा, फ्रिजवर चिकटवलेला असायचा आणि त्या रोट्याभोवती माझा दिवस फिरायचा. शाळा, बँका, कौन्सिल, सगळीकडे अर्ज करून झाले होते. उत्तरं यायची ती दोन ओळींची, अतिशय सभ्य. अशात एकदा लायब्ररीच्या बोर्डावर एक कागद दिसला. जवळच्याच एका छोट्या लष्करी संग्रहालयाला जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला स्वयंसेवक हवे होते. हे २००५ सालचं. सैन्याबद्दल किंवा बंदुकांबद्दल मला काडीचंही कुतूहल नव्हतं. पण आठवड्यातले दोन दिवस कुणीतरी आपली वाट बघेल, एवढ्यासाठी मी गेले.

संग्रहालय म्हणजे जुन्या कवायतीच्या हॉलवरच्या चार खोल्या. तीन खोल्यांत गणवेश, पदकं, ढोल, फोटो. चौथी खोली लोकांसाठी बंद. तिला लोखंडी दार, दाराला दोन कुलपं, आत भिंतीलगत कपाटं. पुढच्या मार्चमध्ये पोलिसांकडून परवान्याची तपासणी व्हायची होती. खोलीतल्या प्रत्येक हत्याराचा नंबर रजिस्टरशी जुळवून बघणं भाग होतं. मला तिथेच बसवलं गेलं. कारण सरळ होतं, आकड्यांचं काम कंटाळवाणं होतं आणि मी नवी होते.

चौथ्या खोलीचा ताबा ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ सत्त्याहत्तर वर्षांचे होते. उंच, खांद्यात वाकलेले, कोटाच्या वरच्या खिशात भिंग. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत हत्यारं दुरुस्त करायचं काम केलेलं, मग चाळीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये. घरी मी त्यांना 'पिस्तूलवाले आजोबा' म्हणायचे. ते मला 'लव्ह' म्हणायचे. पहिल्या आठवड्यात मला फार अवघडल्यासारखं झालं. मग लक्षात आलं की बसचा ड्रायव्हरही सगळ्यांना तेच म्हणतो.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात सुती हातमोजे दिले आणि कपाटातून एक पिस्तूल काढून समोरच्या फेल्टवर ठेवलं. जर्मन सैन्याचं, पहिल्या महायुद्धातलं. ते आधी उघडून रिकामं असल्याचं त्यांनी स्वतः पाहिलं, मग मला दाखवलं, मग म्हणाले, "आता तू बघ. मी बघितलं म्हणून तू बघायचं नाही, असं इथे चालत नाही."

मी बघितलं. मग त्यांनी नंबर कुठे शोधायचे ते दाखवलं. पुढच्या तोंडावर, नळीच्या खाली, चार आकडी नंबर. त्याच्याखाली एक बारीक अक्षर. माथ्यावर, आत काडतूस जिथे बसतं तिथे, साल. आणि मग खिळ्याएवढ्या सुट्या भागांवरसुद्धा त्याच नंबरातले शेवटचे दोन आकडे.

"साल लिहिलेलंच आहे, मग नंबरचं काय काम?" मी विचारलं.

"साल तुला साल सांगतं. नंबर तुला ऋतू सांगतो."

मग त्यांनी समजावलं. दर वर्षी जानेवारीत कारखाना एकपासून नंबर टाकायला लागायचा. दहा हजार झाले की पुन्हा एक, पण आता खाली 'ए' हे अक्षर. ते दहा हजार संपले की 'बी'. असं वर्ष संपेपर्यंत. म्हणजे एकाच सालात एकच चार आकडी नंबर दहा-बारा पिस्तुलांवर असू शकतो, फरक फक्त त्या बारीक अक्षराचा. त्या वर्षी अक्षरं कुठवर पोचली होती हे माहीत असेल, तर आपल्या हातातलं पिस्तूल वर्षाच्या सुरुवातीला झालं, मध्यात झालं की शेवटाला, हे बऱ्यापैकी सांगता येतं.

"अक्षर सोडलंस तर पिस्तूल हरवलं," ते म्हणाले. "आणि तारीख सांगायची नाही कधी. अंदाज म्हणायचं."

मला हे आवडलं. इतके महिने डोक्याला काही कामच नव्हतं. मी घरी येऊन वहीत तक्ते करू लागले, साल आडवं, अक्षरं उभी.

आणखी एक गोष्ट मला तिथे धरून ठेवणारी होती. पिस्तुलाच्या उजव्या अंगाला तीन इवलेसे मुकुट उमटवलेले असत, प्रत्येकाखाली एकेक अक्षर. ते काय आहे हे आजोबांनी सांगायच्या आधीच मला कळलं. माझे वडील नागपूरला दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात परीक्षक होते. तोफगोळ्याचं कवच गेजने मोजायचं, बरोबर भरलं की पंच ठेवून हातोडीचा एक ठोका. तो शिक्का त्यांचा एकट्याचा होता.

रविवारी फोनकार्ड खरवडून मी घरी फोन करायचे. त्या रविवारी वडिलांना मुकुटांबद्दल सांगितलं. त्यांचा आवाज एकदम बदलला, कामावर असल्यासारखा.

"अक्षरं वेगवेगळी हायेत का एकच?"

"वेगवेगळी."

"मग तीन माणसं होते. एकानं नळी पाहिली असन, एकानं बाकी, एकानं उडवून पाहिलं असन. आमच्याकडेबी तसंच होतं व. माझा शिक्का कुठं दिसला ना, तर आजबी सांगीन मी, हा माझा म्हणून." मग ते म्हणाले, "पास केलेला माल कुठं गेला, हे मात्र कधी विचारलं नाही. विचारायचं नसतेच ते."

त्यांनी हे याआधी कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी विषय बदलला. त्याचं मला नंतर वाईट वाटलं.

उन्हाळाभर आमचं काम चाललं. मी भिंगातून वाचायचे, ते जुन्या रजिस्टरवर बोट ठेवून हो म्हणायचे. रजिस्टर त्यांनीच वीस वर्षांपूर्वी हाताने लिहिलेलं, सरळ, टोकदार अक्षरात. आता त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनची वाट पाहणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं. "तू वाच," ते म्हणायचे, "मला हल्ली सगळ्याच आठांचे तीन दिसतात."

सप्टेंबरमध्ये बाहेरच्या खोलीतल्या काचपेटीतलं एक पिस्तूल आत आणलं. संग्रहालयातलं सगळ्यात ओळखीचं हत्यार तेच. खाली टाइप केलेली पाटी असायची: एका स्थानिक सैनिकाने १९१६ च्या जुलैमध्ये एका जर्मन अधिकाऱ्याकडून हे हस्तगत केलं, त्याच्या मुलीने ते संग्रहालयाला दिलं. माथ्यावर साल १९१६. रजिस्टरात नंबर, आणि नंबरापुढे 'ई'. 'ई' म्हणजे त्या वर्षीच्या वसंतात कधीतरी तयार झालेलं. कारखान्यातून निघून दोन-तीन महिन्यांत खंदकात पोचलेलं. जुळत होतं सगळं.

मी भिंग धरलं. अक्षर पुसट होतं. जर्मन कारखान्यात ही अक्षरं आपल्याकडच्या जोडून लिहायच्या इंग्रजीसारखी वळणदार कोरत, छापील नव्हे. मला एक फास दिसला, वर गेलेला आणि खाली येऊन शेपूट बाहेर काढणारा. 'ई' म्हणायला हरकत नव्हती. तरी मी अडले. मी मराठी शाळेतली, पाचवीपासून इंग्रजी शिकलेली. चार रेघांच्या वहीत आमच्या बाईंनी वर्षभर तेच गिरवून घेतलं होतं. 'ई' मधल्या दोन रेघांत राहतो, 'एल' वरच्या रेघेला टेकतो. बाकी दोघांचा आकार एकच. इथे रेघा नव्हत्या. फासाचा वरचा भाग इतका फिका उमटला होता की तो नक्की कुठे संपतो ते कळेना.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"नंबर आणखी कुठे मिळेल? अक्षरासकट?"

"नळीच्या पोटावर. उलटं कर."

उलटं केलं. तिथे कुणी हात लावत नसावं, ठसा जसाच्या तसा होता. चार आकडे, आणि शेजारी आकड्यांइतकंच उंच, बारीक फासाचं अक्षर. संशयाला जागाच नव्हती.

"एल आहे," मी म्हणाले.

"ई."

"नाही. एल. तुम्ही बघा."

त्यांनी भिंग घेतलं, दिव्याखाली पिस्तूल धरलं, मान तिरकी केली. बराच वेळ गेला. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. हातमोजा काढला आणि बोटाच्या टोकाने ते अक्षर चाचपलं. चाळीस वर्षं धातूवर काम केलेलं बोट होतं ते. मग त्यांनी पिस्तूल फेल्टवर ठेवलं आणि हात मांडीवर घेतले.

'एल' म्हणजे त्या सालातला जवळजवळ शेवटचा भाग. ऑक्टोबर, कदाचित नोव्हेंबर. जुलैमध्ये ते पिस्तूल अस्तित्वातच नव्हतं.

मला, खरं सांगते, आनंद झाला होता. उत्तर बरोबर आलं की होतो तसा. तो चेहऱ्यावर दिसलाही असेल. पण आजोबांनी पिस्तूल कपाटात ठेवलं. कुलपं लावली, आणि त्या दिवशी चहा न घेताच निघून गेले.

पुढच्या मंगळवारी त्यांनी सगळं सांगितलं. त्या सैनिकाची मुलगी आई वारल्यावर हे पिस्तूल घेऊन आली होती. आधी पोलिसांना कळवून, रीतसर. वडील त्याआधीच गेलेले. पाटीवर काय लिहायचं हे विचारलं तेव्हा तिने तेवढंच सांगितलं, जुलै, अधिकारी. आजोबांनी तिच्यासमोरच नंबर पाहिला आणि मोठ्या उत्साहाने तिला सगळी पद्धत समजावून दिली.

"तिने मला एक प्रश्न विचारला होता," ते म्हणाले. "याहून वेगळं काही झालेलं असू शकतं का? मी म्हणालो, नाही बाई, निर्धास्त राहा. तुमचे वडील म्हणाले तसंच झालंय. माणूस खोटं बोलेल, नंबर बोलत नाही. मला वाटलं ती खूश होईल. तिने फक्त मान हलवली आणि गेली. दर नोव्हेंबरला येते, कोटाला युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं ते लाल कागदी फूल लावून. काचेसमोर खुर्ची टाकून बसते. वीस वर्षं मी तिला चहा देतोय."

"मग आता?"

"आता काय, मला सांगावं लागणार."

संग्रहालयाच्या कमिटीतल्या एकाचं मत पडलं की जाऊ द्या, पाटीवर अक्षर कुठे छापलंय, त्र्याऐंशी वर्षांच्या बाईला कशाला दुखवायचं. मलाही तेच बरोबर वाटू लागलं होतं. घरी नवऱ्याला विचारलं. तो जेवता जेवता म्हणाला, "आमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचं निदान चुकलेलं सापडलं तर पेशंटला बोलावून सांगतात. त्या बाईचं आयुष्य आहे ते." मी म्हटलं, इथे कुणी आजारी नाहीये. तो म्हणाला, "तुला काय माहीत?"

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्या बाई आल्या. छोट्याशा, नीटनेटक्या, करड्या कोटातल्या. काठी होती पण तिच्यावर भार टाकत नव्हत्या. काचपेटीत पिस्तूल नव्हतं, 'तपासणीसाठी काढले आहे' अशी चिठ्ठी होती. त्या चिठ्ठीसमोर उभ्या राहिल्या. आजोबा त्यांना ऑफिसात घेऊन आले, खुर्ची दिली, माझी ओळख करून दिली. मी चहा केला. कपबश्या ठेवून मी जायला निघाले तर आजोबा म्हणाले, "थांब. वाचलंयस तू."

त्यांनी काहीही आडवळण घेतलं नाही. "बाई, वीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला एक गोष्ट ठामपणे सांगितली होती. ती चूक होती. मी अक्षर चुकीचं वाचलं." मग पद्धत परत समजावली, 'ई' आणि 'एल'चा फरक कागदावर काढून दाखवला, आणि म्हणाले, "हे पिस्तूल त्या जुलैनंतर निदान तीन महिन्यांनी तयार झालं. तुमच्या वडिलांनी ते जुलैत घेतलं असणं शक्य नाही. मी तुमची माफी मागतो."

बाई कागदाकडे बघत होत्या. मला वाटलं आता रागावतील किंवा रडतील. त्यांनी विचारलं, "जुलैत नाही? नक्की?"

"नक्की."

"तुम्ही मागच्या वेळीही नक्की म्हणाला होतात."

आजोबांचा चेहरा पडला. मी म्हणाले, "दोन ठिकाणी अक्षर आहे. नळीखालचं अगदी स्पष्ट आहे. तुम्हाला बघायचंय का?"

त्यांनी बघितलं. भिंगातून, माझा हात धरून. मग खुर्चीत मागे टेकल्या आणि आपोआप बोलू लागल्या, आमच्याकडे न बघता.

दुसऱ्या महायुद्धात त्यांना एकोणिसाव्या वर्षी कामावर हजर व्हायचं पत्र आलं होतं. दारूगोळ्याच्या कारखान्यात. ज्या दिवशी पत्र आलं त्या दुपारी वडिलांनी त्यांना मागच्या खोलीत बोलावलं, कपाटातून पिस्तूल काढलं, टेबलावर ठेवलं. ते घरात आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. वडील म्हणाले, तू आता ही कामं करणार, तर तुला एक गोष्ट माहीत असायला हवी. सोळा सालच्या जुलैमध्ये एका खड्ड्यात मला एक जर्मन अधिकारी सापडला. त्याने हात वर केले होते. दोन्ही हात. मला ते दिसलं होतं. तरी मी गोळी घातली. हे त्याचं.

"मग त्यांनी ते परत कपाटात ठेवलं," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही बाहेर येऊन चहा प्यायलो. पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत. मी आईला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही. तुम्ही मला इथे विचारलंत तेव्हा अर्धंच सांगितलं."

म्हणजे वीस वर्षांपूर्वी बाईंनी विचारलं होतं, याहून वेगळं काही झालेलं असू शकतं का. आणि आजोबांनी आनंदाने सांगितलं होतं, नाही, नंबर खोटं बोलत नाही.

 खाली हॉलमध्ये कुणीतरी टेबल-टेनिस खेळत होतं, त्याचा आवाज येत होता.

"मग तो माणूस?" त्यांनी विचारलं. "तो होता की नव्हता?"

आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. या वेळी मला कळत होतं की ते शब्द गेजने मोजून बघताहेत. "हे पिस्तूल त्याचं नव्हतं. नंबर एवढंच सांगतो, बाई. तो माणूस होता की नव्हता हे नंबर सांगत नाही. तुम्हाला हवं ते मी या वेळी सांगणार नाही."

त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मला हातात द्याल का? वडिलांनी हात लावू दिला नव्हता, आणि इथे आणलं तेही डब्यातून, हात न लावता."

मी हातमोजे दिले. आजोबांनी पिस्तूल उघडून दाखवलं, रिकामं. बाईंनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं, आपण प्रसाद घेतो तसं, ओंजळीत. "जड आहे," एवढंच म्हणाल्या. थोड्या वेळाने उजव्या अंगाच्या मुकुटांवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?"

मी सांगितलं. तपासणाऱ्यांचे शिक्के. माझे वडीलही हेच काम करायचे, असंही सांगितलं. त्यांनी मान वर करून पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्यांना कधी त्रास झाला का त्याचा?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "मी विचारलं नाही."

"विचार," त्या म्हणाल्या. "माझ्यासारखं करू नकोस."

त्या दिवशी आजोबांनी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडलं. परत आले तेव्हा मला म्हणाले, "हलकी झाली असेल का गं ती?" मलाही तसंच वाटत होतं. त्रेसष्ट-चौसष्ट वर्षं आपल्या बापाने हात वर केलेल्या माणसाला मारलं हे मनात घेऊन जगलेली बाई. आता निदान शंकेला तरी जागा झाली. मला आमच्या कामाबद्दल अभिमान वाटला, ते मी लपवणार नाही. रविवारी वडिलांना फोन केला. विचारलं. ते म्हणाले, "आता काय सांगू तुले फोनवर. ये तू, मग बोलू." पुढच्या वर्षी गेले तेव्हा दोन दुपारी आम्ही बोलत बसलो. तो भाग त्यांचा आहे, इथे लिहीत नाही.

जानेवारीत बाई पुन्हा आल्या. या वेळी नोव्हेंबर नव्हता, कोटाला फूल नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात होता. ख्रिसमसला त्यांनी त्याला फोन केला आणि आयुष्यात पहिल्यांदा पिस्तुलाचा विषय काढला.

"तो हसला," त्या म्हणाल्या. "म्हणाला, ते होय. ते त्यांनी सतरा साली हॉस्पिटलातल्या एका सोबत्याकडून घेतलं होतं, सिगारेटी देऊन. लहानपणी मला कितीदा दाखवायचे. अधिकारी? कुठला अधिकारी? असलं काही बोलले नाहीत मला."

आजोबांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे नंबर जुळला. सोळाच्या शेवटी तयार झालं, सतरात सोबत्याच्या हाती आलं, त्याच्याकडून तुमच्या वडिलांकडे."

"हो. जुळला."

"मग ती गोष्ट घडलीच नाही, बाई."

त्यांनी मान हलवली, नकारार्थी, सावकाश. "मी दोन आठवडे यावर विचार केलाय. बापाला बढाई मारायची असती तर मुलापाशी मारली असती. मुलाला त्यांनी खरं सांगितलं, सिगारेटींचं. आणि मला बोलावून ते सांगितलं, ज्यात त्यांची काहीच शोभा नव्हती. एकोणीस वर्षांच्या मुलीला कोण उगाच असं सांगेल? त्यांना सांगायचं होतं आणि नुसत्या शब्दांनी सांगता येत नव्हतं. हातात काहीतरी धरायला हवं होतं. घरात तेवढंच होतं."

"म्हणजे तुम्हाला वाटतं..." मी म्हणाले.

"मला वाटतं तो माणूस होता. पिस्तूल दुसऱ्याचं."

 मी दोन महिने स्वतःशी म्हणत होते की आपण एका म्हाताऱ्या बाईवरचं ओझं उतरवलं. ते जिथे होतं तिथेच होतं. आणि तरी त्या नोव्हेंबरातल्यापेक्षा शांत दिसत होत्या, हेही खरं. कशामुळे, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. कदाचित त्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा तोंडाने उच्चारली म्हणून. किंवा बाप आपल्याशी खोटं बोलला नाही, एवढं त्यांना पुरलं असेल.

पाटी बदलायची होती. आजोबांनी कोरा कागद काढला आणि विचारलं, काय लिहू. त्या म्हणाल्या, तुम्ही नंबरचं लिहा, तुम्हाला ठाऊक आहे ते. त्यांनी लिहिलं: जर्मन सैन्याचं पिस्तूल, १९१६ च्या अखेरीस तयार झालं असावं. एका स्थानिक सैनिकाच्या कुटुंबाकडून. मग पेन थांबवलं. "जुलै काढून टाकू?"

"काढा. आणि खाली लिहा, मूळ मालक माहीत नाही."

त्यांनी लिहिलं.

"आणि माझ्या वडिलांचं..." त्या थांबल्या. आजोबा पेन धरून वाट बघत राहिले. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. समोरच्या सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये लोक ट्रॉल्या ढकलत होते. "नको," त्या म्हणाल्या. "ते पाटीवर मावणार नाही."

मार्चमध्ये पोलिसांची तपासणी झाली. रजिस्टर बरोबर निघालं. त्याआधी आजोबांनी हट्टाने सगळी पिस्तुलं पुन्हा कपाटाबाहेर काढायला लावली होती, आणि मी प्रत्येक अक्षर दोन ठिकाणी वाचून दाखवलं होतं. आणखी दोन अक्षरं चुकलेली सापडली. त्या पिस्तुलांबद्दल विचारायला मात्र कुणीच उरलेलं नव्हतं. त्यांनी रजिस्टरात लाल शाईने दुरुस्ती केली, पुढे सही केली, आणि पेन माझ्याकडे दिलं. म्हणाले, "तूही कर. दोघांनी बघितलंय."